छळ सोसलेल्या मुलाने सुरी उचलली, तर त्याला मोठ्यांच्या कोर्टात न्यायचं का?

उत्तर गोव्यातल्या एका हायर सेकंडरीत शिकवणाऱ्या बाईंनी विचारलंय ते थोडक्यात असं. अकरावीतला मुलगा, वय सोळा वर्षं आणि काही महिने. नववीपासून वर्गातले तिघेजण त्याच्या तोतरेपणावरून त्याला छळत होते. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याने दप्तरातून सुरी काढली आणि तिघांपैकी एकाच्या पोटात खुपसली. जखमी मुलगा बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आठ-दहा दिवस होता, आता घरी आलाय. स्टाफरूममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, सुरी घरून आणली म्हणजे सगळं ठरवून केलं, मग मोठ्यांसारखीच केस चालवा. दुसरा म्हणतो, पोरगा दोन वर्षं मरत होता तेव्हा कुठे होतो आपण? बाई विचारतात, कायदा काय म्हणतो आणि तुमचं मत काय?

मी म्हापशात वकिली करते, बावीस वर्षं झाली. मेर्शीच्या बाल न्याय मंडळासमोर बहुतेक वेळा मुलांच्या बाजूने उभी राहते, दोन-तीनदा मार खाल्लेल्या मुलाच्या घरच्यांच्या बाजूनेही राहिले. बाईंनी तालुका आणि शाळा दोन्ही कळवलं होतं, ते मी गाळलंय. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि गोव्यात नुसता वाडा सांगितला तरी बाकीचं लोकच जोडून घेतात. खाली ज्या मुलाबद्दल लिहिलंय त्याच्याही खुणा बदलल्यात.

आधी कायदा, कारण स्टाफरूममधल्या दोन्ही तटांच्या एक गोष्ट लक्षात आलेली दिसत नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा उठतच नाही.

२०१५ च्या कायद्याने, म्हणजे जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू झाला, सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालवायची वाट उघडली. पण फक्त 'निर्घृण' गुन्ह्यांसाठी. निर्घृण म्हणजे ऐकून अंगावर काटा येतो तो गुन्हा नव्हे. ज्या गुन्ह्याला कायद्याने किमान शिक्षाच सात वर्षं किंवा त्याहून जास्त ठेवली आहे, तो. खुनाला किमान जन्मठेप, म्हणून खून निर्घृण. ॲसिड हल्ल्याला किमान दहा वर्षं, तोही निर्घृण. पण खुनाच्या प्रयत्नाला जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते, किमान मात्र काहीच नाही. धारदार हत्याराने गंभीर दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेत किमान एक वर्ष. हे दोन्ही मग निर्घृण नाहीत, 'गंभीर' आहेत. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, आणि पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ते कायद्यातच लिहिलं गेलं. गंभीर गुन्ह्यात मंडळच चौकशी करतं आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात, ठेवू शकतं. मोठ्यांच्या खटल्याचा दरवाजा तिथे नाहीच.

पुण्यातल्या पोर्शे प्रकरणात याच मुद्द्यावर सगळा महाराष्ट्र चिडला होता. १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला, त्याला तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला, पोलिसांनी प्रौढ म्हणून चालवा असा अर्ज केला, आणि जुलै २०२५ मध्ये मंडळाने तो फेटाळला. सदोष मनुष्यवधाला किमान सात वर्षांची शिक्षा नाही, हा कायदा लोकांना कुणी नीट समजावून सांगितलाच नाही. निबंधावर विनोद मात्र भरपूर झाले.

तर तुमचा मुलगा सुटला, कारण जखमी मुलगा वाचला. हे मी मुद्दाम असं कडवट लिहितेय. एकशे आठची गाडी वेळेवर आली, बांबोळीला सर्जन जागेवर होता, रक्त मिळालं. यातलं काहीही चुकलं असतं तर तीच सुरी, तोच हात, तोच राग, आणि तरी मुलगा वेगळ्याच रांगेत उभा राहिला असता. कायदा म्हणतो की आम्ही मुलाची समज मोजतो. पण मोजायला घ्यायचं की नाही, हे आधी समोरच्याच्या आतड्याला किती लागलं त्यावर ठरतं. मुलाच्या समजुतीत दोन्ही वेळा काडीचा फरक नसतो. प्रौढ म्हणून चालवा म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच विचारते: तुम्ही मुलाला प्रौढ ठरवताय, की जखमेला?

आता समजा, तो मुलगा त्या रात्री गेला असता. तर काय झालं असतं ते सांगते, कारण 'मोठ्यांसारखी केस' म्हणजे पोलिसांनी लिहिलं आणि झालं, असं नसतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यातली निदान एक बाई. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून तीन महिन्यांत त्यांनी 'प्राथमिक मूल्यांकन' करायचं. कलम १५ प्रमाणे तीन गोष्टी पाहायच्या. असा गुन्हा करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता मुलात होती का, त्याचे परिणाम त्याला कळत होते का, आणि कुठल्या परिस्थितीत हे घडलं. मग मंडळाला वाटलं तर प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं, आणि तिथेही न्यायाधीशांनी परत एकदा ठरवायचं असतं की खरंच प्रौढ म्हणून चालवण्याची गरज आहे का. आपल्याकडे २००३ च्या गोवा बाल कायद्यामुळे बाल न्यायालय या केंद्रीय कायद्याच्या कितीतरी आधीपासून आहे. या बाबतीत गोवा पुढे होता हे मान्य करायला हवं.

या तीन प्रश्नांतला पहिला जवळजवळ निरुपयोगी. सोळा वर्षांच्या पोराच्या हातात सुरी खुपसण्याइतकी ताकद असते, त्यात काय शोधायचं. दुसऱ्यात सगळे अडकतात. एखादी बुद्ध्यंकाची चाचणी करून 'सरासरी' असा शेरा मारला की लोकांना वाटतं, याला सगळं कळत होतं. गुरुग्रामच्या शाळेत २०१७ मध्ये एका लहान मुलाची हत्या झाली आणि त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलावर आरोप आला, त्या प्रकरणात जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर लिहिलंय. गुन्हा करण्याची क्षमता आणि परिणामांची समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परिणाम म्हणजे समोरचा मरेल एवढंच नव्हे, त्याच्या घरच्यांचं काय होईल, स्वतःचं आणि स्वतःच्या घरच्यांचं काय होईल, हेही त्यात आलं. मंडळात बालमानसशास्त्राचा किंवा मनोविकाराचा जाणकार नसेल तर बाहेरच्या तज्ज्ञाची मदत घेणं ऐच्छिक नाही, बंधनकारक आहे, हेही त्याच निकालात आहे.

पण छळ झालेल्या मुलाचं सगळं काही तिसऱ्या प्रश्नात असतं. परिस्थिती. आणि नेमकं तिथेच फाईल कोरी असते.

एक मुलगा सांगते. त्याला बाबू म्हणू, आपल्याकडे निम्म्या पोरांना घरी बाबूच म्हणतात. बाबूने वर्गातल्या मुलाच्या डोक्यात लोखंडी पाईप घातला होता. कागदावर सगळं सरळ होतं: पाईप शाळेच्या मागच्या बांधकामावरून आदल्या दिवशी उचलला, सायकल स्टँडच्या कोपऱ्यात लपवला, दुसऱ्या दिवशी वापरला. शाळेने पोलिसांना लिहून दिलं की विद्यार्थ्याविरुद्ध किंवा विद्यार्थ्याकडून कधीही तक्रार आलेली नाही. बाबू मेर्शीला निरीक्षणगृहात होता. मी भेटायला गेले तर मान खाली. विचारेन त्याला 'नाही' किंवा 'माहीत नाही'. त्याच्या आईलाही छळाचं काही माहीत नव्हतं. बोलता बोलता ती सहज म्हणाली की हा पोरगा शाळेतून पाण्याची बाटली भरलेली तशीच परत आणतो. "उदक पियेना म्हूण हांवच ताका तापताली." पाणी पीत नाही म्हणून तीच त्याला ओरडायची.

मी दुसऱ्या दिवशी परत मेर्शीला गेले आणि बाबूला फक्त बाटलीबद्दल विचारलं. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं. मुतारीत ते असतात. सकाळी साडेसातपासून दुपारी दीडपर्यंत तो मुलगा दीड वर्ष पाणी प्यायला नव्हता. मग हळूहळू बाकीचं निघालं: मुतारीत काय करायचे, त्याचा व्हिडिओ कुणाच्या फोनवर होता, कुठल्या सरांनी बघितलं आणि "आपसांत मिटवा रे" म्हणून पुढे गेले. परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे प्रोबेशन ऑफिसरने, पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत सामाजिक तपास अहवाल द्यायचा असतो. त्या अहवालात ही बाटली आली. ती आली नसती तर बाबू हा पाईप लपवून ठेवणारा, थंड डोक्याचा, चांगले मार्क मिळवणारा मुलगा एवढाच उरला असता. जखमी मुलगा वाचला, म्हणून बाबूची केस मंडळातच राहिली. पण त्याला मुतारीत छळणाऱ्या तिघांवर वेगळी चौकशी झाली तीही त्या अहवालामुळेच, आणि तीही त्याच मंडळासमोर, कारण छळणारेही अठराच्या आतलेच. हे लोक विसरतात. 'या वयात सगळं कळतं' हा नियम लावायचा, तर तो मुतारीतल्या तिघांनाही लावा. त्यांच्याबद्दल मात्र स्टाफरूममध्ये 'पोरं आहेत, मस्ती करतात' असं ऐकू येतं.

सुरी घरून आणली म्हणजे ठरवून केलं, हा तुमच्या सहकाऱ्यांचा मुद्दा मी हलका मानत नाही. सरकारी वकिलाचा तो पहिला मुद्दा असतो, आणि बरोबरही असतो: अचानक रागाने माणूस हाताला येईल ते उचलतो, दप्तरात सुरी ठेवत नाही. पण अशा मुलांना विचारा की सुरी पहिल्यांदा कधी आणली. मला अनेकदा उत्तर मिळालंय की घटनेच्या आधी आठवडा, पंधरा दिवस, एकदा तर पूर्ण टर्म. रोज आणायची, रोज परत न्यायची. ज्याला मारायचं ठरलेलं असतं तो रोज सुरी घेऊन बसमध्ये बसत नाही. ती सुरी बाबूच्या न प्यायलेल्या पाण्यासारखीच असते, दिवस कसाबसा निभावून न्यायची सोय. त्यात नियोजन आहे, पण ते भ्यालेल्या माणसाचं नियोजन आहे. प्रौढपणा शोधायला गेलेल्याला तिथे प्रौढपणा दिसतो, हा दोष दृष्टीचा. कुणी म्हणेल, वकीलबाई आपल्या अशिलाची बाजू मांडताहेत. मांडतेच आहे. पण पंधरा दिवस सुरी वागवणाऱ्या मुलाला पंधरा दिवसांत एकाही मोठ्या माणसाला सांगावंसं का वाटलं नाही, याचं उत्तर त्यांनी द्यावं.

किशोरवयीन मेंदू पुरता पिकलेला नसतो, हे आता सगळे वकील म्हणतात. मी फारसं म्हणत नाही. समोरून लगेच येतं की मग बाकीच्या चाळीस मुलांचाही मेंदू तसाच आहे, त्यांनी कुठे सुरी काढली? या प्रश्नाला मेंदूत उत्तर नाही.

आता खरा मुद्दा, जो मला आयुष्यभर पटवून द्यावा लागलाय. प्रौढ म्हणून खटला म्हणजे जास्त शिक्षा, एवढंच लोकांना वाटतं. माझी हरकत वेगळी आहे. मोठ्यांच्या खटल्यात छळाला बसायला जागाच नसते.

खुनाच्या कलमाला एक अपवाद आहे, गंभीर आणि आकस्मिक चिथावणी. आकस्मिक हा शब्द बघा. १९६१ च्या नानावटी निकालात, म्हणजे पत्नीच्या प्रियकराला गोळी घालणाऱ्या नौदल अधिकाऱ्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की आधीच्या गोष्टींनी मनाची जी अवस्था झाली असेल ती विचारात घेता येईल, पण घाव मात्र चिथावणीच्या त्याच उकळीत बसला पाहिजे, मधे मन ताळ्यावर यायला वेळ मिळालेला नसावा. नानावटींनी घर सोडल्यापासून गोळी झाडेपर्यंत साधारण तीन तास गेले होते, न्यायालयाला तेवढे पुष्कळ वाटले. छळ झालेल्या मुलाच्या बाबतीत मधे तीन तास नाही, तीन रात्री जातात. छळ हा प्रकारच संथ असतो. त्यातली कुठलीही एक घटना, एक टपली, एक टोपणनाव, एक व्हिडिओ, वेगळी काढून न्यायाधीशांपुढे ठेवली तर गंभीर वाटत नाही. स्वसंरक्षणाचा हक्कही मदतीला येत नाही, कारण मुलगा हल्ला करतो तेव्हा समोरचा बहुतेक वेळा वडा-पाव खात असतो.

बरं, दोषी ठरल्यावर शिक्षेच्या सुनावणीत तरी सांगता येईल? मोठ्या माणसाच्या खुनाच्या खटल्यात त्या सुनावणीचा उपयोग फाशी की जन्मठेप हे ठरवायला होतो. मुलाला बाल न्याय कायद्याच्या कलम २१ प्रमाणे फाशी देताच येत नाही, सुटकेची शक्यता नसलेली जन्मठेपही नाही. म्हणजे उरते सुटकेची शक्यता असलेली जन्मठेप, आणि खुनाला त्याखाली शिक्षाच नाही. दोन वर्षांचा छळ कितीही सिद्ध करा, तो तोलायला तराजूत दुसरं पारडंच नसतं. एक फट आहे: एकविसाव्या वर्षापर्यंत मुलगा सुरक्षित स्थळी राहतो, कोलवाळच्या जेलमध्ये नाही, आणि एकवीस झाल्यावर बाल न्यायालय बघतं की तो सुधारलाय का, सोडता येतो का. पण तिथेही प्रश्न 'आता कसा आहेस' असा असतो. 'तेव्हा तुझं काय झालं होतं' हे विचारायची वेळ निघून गेलेली असते.

मंडळासमोर ते विचारता येतं. म्हणून मी मंडळाच्या बाजूची आहे. दयामाया हे माझं कारण नाही.

अमेरिकेची उदाहरणं तुमच्या स्टाफरूममध्ये नक्की निघाली असणार, म्हणून थोडं त्याबद्दल. मार्च २००० मध्ये कॅलिफोर्नियात 'प्रपोझिशन २१' नावाचा कायदा मतदानाने मंजूर झाला आणि मुलांना प्रौढ कोर्टात नेण्याचा अधिकार बऱ्याच प्रकरणांत थेट सरकारी वकिलांच्या हातात गेला. वर्षभराने, मार्च २००१ मध्ये, सँटी गावच्या सँटाना हायस्कूलमध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने गोळीबार केला. दोन विद्यार्थी गेले, तेरा जण जखमी झाले. तो मुलगा छळला जात होता हे त्याच्या मित्रांनी सांगितलं. खटला प्रौढ म्हणून, शिक्षा पन्नास वर्षं ते जन्मठेप. पंधराव्या वर्षी केलेल्या गुन्ह्याला! आपल्याकडे पंधरा वर्षांच्या मुलाला आजही प्रौढ म्हणून चालवताच येत नाही. पुढे कॅलिफोर्नियानेच पाय मागे घेतला: २०१६ मध्ये निर्णयाचा अधिकार न्यायाधीशांकडे परत आला, आणि २०१८ च्या कायद्याने सोळाच्या खालच्यांना प्रौढ कोर्टात पाठवणं जवळपास बंद झालं. मुलांना प्रौढ व्यवस्थेत पाठवल्याने पुढची हिंसा कमी होते का, हे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञगटाने सगळे अभ्यास गोळा करून तपासलं. २००७ मधला त्यांचा निष्कर्ष: कमी होत नाही, उलट पाठवलेली मुलं पुढे जास्त हिंसा करतात.

पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो तिथल्या सिक्रेट सर्व्हिस आणि शिक्षण खात्याचा अहवाल. १९७४ ते २००० मधल्या शाळांतल्या सदतीस हल्ल्यांचा, एक्केचाळीस हल्लेखोरांचा त्यांनी अभ्यास केला. सुमारे ७१ टक्के हल्लेखोरांना आधी छळ, त्रास किंवा इजा झाल्याचं वाटत होतं. आणि ८१ टक्के घटनांत हे घडणार असल्याची कल्पना किंवा कुणकुण दुसऱ्या कुणाला तरी, बहुतेक वेळा मित्राला किंवा भावंडाला, आधी होती. हा दुसरा आकडा मी शाळांत भाषणाला बोलावतात तेव्हा सांगते. पहिला आकडा सांगितला की पालक आपापल्या मुलाच्या बाजूने बोलायला लागतात. दुसरा सांगितला की सभागृहात शांतता पसरते.

दुसरी बाजूही लिहायला हवी. मी जखमी मुलाच्या आईच्या शेजारी बाकावर बसलेय. तिच्या मुलाने दुसऱ्याला छळलं असेल, नसेलही. सँटीत गोळ्या समोर येईल त्याला लागल्या. ती मला म्हणाली होती, "मॅडम, माझ्या मुलाने चिडवलं असेल, तर त्याची शिक्षा मरण आहे का?" नाही आहे. आणि ज्या आईचा मुलगा गेला तिला 'तीन वर्षं विशेष गृह' ऐकवायला माझीही जीभ रेटत नाही. एका बाजूला कमाल तीन वर्षं, दुसऱ्या बाजूला जन्मठेप, मधे काहीच नाही, ही आपल्या कायद्यातली सगळ्यात मोठी उणीव आहे असं मला वाटतं. २०१२ च्या दिल्लीच्या घटनेतल्या अल्पवयीन आरोपीला तीन वर्षंच मिळाली म्हणून देश पेटला आणि त्या आगीत २०१५ चा कायदा घाईघाईने शिजला. तेव्हा मंडळाला पाच-सात वर्षांपर्यंतचा, देखरेखीसह टप्प्याटप्प्याने बाहेर आणण्याचा पर्याय दिला असता, तर निम्मी भांडणं मिटली असती. तसं न करता आपण मुलालाच मोठा म्हणायची सोय करून ठेवली.

छळ झालेल्या कुठल्याच मुलाला कधीच मोठ्यांच्या खटल्याकडे पाठवू नये, असंही मी छातीठोकपणे म्हणणार नाही. छळाचा आधार घेऊन भलत्याच कुणाला गाठणारा, सतराव्या वर्षी टोळी बांधून सूड घेणारा मुलगा मी पाहिलेला नाही, पण असू शकतो. मंडळाने प्रत्येक मूल वेगळं बघावं यासाठीच तर कलम १५ आहे. माझं म्हणणं एवढंच की छळाची नीट चौकशी झाल्याशिवाय त्या तीन प्रश्नांना 'होय' लिहू नये, आणि आज ती चौकशी नशिबावर होते.

आणि बाई, इथे तुमचा भाग येतो. तुमच्या मुलाची केस मंडळातच राहील, तरीही परिस्थिती तिथे तितकीच मोजली जाते: जामिनात, अंतिम आदेशात, घरी पाठवायचं की विशेष गृहात यात. त्यामुळे काही गोष्टी आजच बघा. घटनेनंतर पोलीस यायच्या आधी मुलाला ऑफिसात बसवून कुणी 'माफीनामा' लिहून घेतला का? बहुतेक शाळा घेतात, चांगल्या हेतूने घेतात, आणि तो कागद पुढे कबुली म्हणून फिरतो. असेल तर मुलाच्या वकिलाला त्याची माहिती द्या. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जे काही आहे ते आता कुणी डिलीट करू नये. आणि नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत, मूळ फोन आणि साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. ग्रुप ज्यांच्या फोनवर आहे त्या मुलांच्या पालकांशी बोला. तुमच्या शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांच्या वहीत या मुलाचं नाव कधी आलंय का ते त्यांना बघायला सांगा. तारीख असलेली एक ओळसुद्धा पुरते. मुलाशी मंडळाचे तज्ज्ञ बोलतील तेव्हा घरच्यांनी त्याला पढवू नये. मी माझ्या मुलांना एकच सांगते: त्या दिवसाबद्दल वकिलाशी बोल, त्या दोन वर्षांबद्दल सगळ्यांशी बोल.

राहिली हजेरी. तोतरा मुलगा हजेरीला 'प्रेझेंट' कसा म्हणायचा, त्यावर कोण हसायचं, ते सगळ्यात आधी वर्गशिक्षकाला ऐकू येतं. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे की तो दहावीपासून हजेरीला नुसता हात वर करायचा आणि तुम्ही ते चालवून घेतलंत. परिविक्षा अधिकारी शाळेत येतील, तेव्हा ते त्यांना सांगा. कुठल्या महिन्यापासून, तेही आठवून सांगा.